पोचल्या दिवशीचा जोर

रेवदंडा, १२ एप्रिल १९३५

रा. रा. रामचंद्र मोजणीदार यांस,

रेवदंड्याच्या ताजुद्दीनचा सलाम. दिवाळीपासून मी पत्र टाकलं नाही हे कबूल, पण तूही काही पोस्टखात्याला दमवलेलं नाहीस. मंगळुरी कौलांची दोन गलबतं गेल्या महिन्यात उतरवली. गिऱ्हाईक बरं आहे. अम्मीचे गुडघे सोडले तर तीही ठणठणीत. परवाच तुझी आठवण काढत होती. शाळेत असताना तू आमच्याकडे सांदणं खायला यायचास आणि कुणाला किती वाढलीत ते सांगायचास. अम्मी विचारायची, ‘खरां हाय काय रे?’ तू छाती काढून म्हणायचास, ‘अम्मी, मोजून सांगतो.’ अजूनही घरात कुणी खात्रीची गोष्ट सांगितली की ती म्हणते, ‘रामासारखी मोजून सांग.’

आता खरं कारण लिहितो. नसीबाच्या डाव्या गालाच्या आत एक फोड आहे. माघात दिसला. मिशेरी जास्त झाली असेल म्हणून तिनं लपवला. मग लवंगेचं तेल झालं, हळद झाली, चौलच्या पिराचा धागा झाला. फोड काही हटेना, कडा जाड होत गेल्या. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोट घालून गाल चाचपला, मग हात धुवायला गेले आणि धूतच राहिले. तेव्हाच मी ओळखलं.

ते म्हणतात, कापायचं तर अर्धा गाल जाईल. त्यापेक्षा मुंबईला रेडियमचा इलाज आहे, तो करा. मी म्हटलं, तिथं तर माझा दोस्त मोजणीला बसतो! तेव्हा दोस्ता, खरं काय ते लिही. माझी समजूत घालायला लिहू नकोस.

तुझा ताज


मुंबई, १७ एप्रिल १९३५

प्रिय ताज,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि तिथल्याच पायरीवर बसलो. घाबरू नकोस असं लिहिणार नाही, कारण मीही घाबरलोय. पण वेळ गेलेली नाही. अशा गालांवर आमच्याकडे इलाज होतात आणि माणसं बरी होऊन घरी जातात, हे मी डोळ्यांनी पाहतो.

आमच्या दवाखान्यात एका तिजोरीत चिमूटभर रेडियम आहे. त्यातून सतत एक वायू निघतो. तो गोळा करून काडीएवढ्या काचेच्या नळ्यांत बंद करायचा, नळ्या मेणाच्या साच्यात बसवायच्या आणि साचा गालाला लावून ठेवायचा. त्यातून जे निघतं ते रोगाला जाळतं. कमी पडलं तर रोग उरतो, जास्त झालं तर माणूस भाजतो. मधली जागा फार अरुंद आहे आणि ती सांभाळायचं काम माझं.

माझं यंत्र म्हणजे काचेच्या डबीत लोंबणारा सोन्याच्या वर्खाचा तुकडा. त्याला वीज दिली की तो ताठ उभा राहतो. जवळ नळी आणली की हळूहळू खाली येतो. तो किती भरभर उतरतो त्यावरून नळीचा जोर ठरवायचा. दिवसभर मी दुर्बिणीला डोळा लावून एक वर्ख पडताना पाहतो. आमच्या बापूंना वाटतं, मिठागरातून सुटून पोरगा सोनाराकडे लागला.

एकच गोष्ट लक्षात ठेव. हा वायू टिकत नाही. चार दिवसांत निम्मा होतो, पुढच्या चार दिवसांत उरलेल्याचा निम्मा. म्हणून तिला इथंच घेऊन ये. परळच्या आमच्या खोलीत जागा आहे, सगुणा तिची बहिणीसारखी उस्तवार करील.

तुझा रामचंद्र


रेवदंडा, २७ एप्रिल १९३५

प्रिय रामचंद्र,

मुंबईला ती येत नाही. मी रागावलो, हात जोडले, दोन दिवस जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मलाच चक्कर आली आणि तिनं पेज भरवली, एवढंच त्याचं फळ. अलिबागला तपासलं तेव्हा दालनात नऊ-दहा परके पुरुष होते आणि त्यांच्यासमोर तिला तोंड उघडून बसवलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, ‘पुन्हा तसां बसणार न्हाय. घरात काय करायचां ते करा.’

अलिबागचे डॉक्टर म्हणतात, ते तुझ्या साहेबांच्या हाताखाली शिकलेत. नळ्या धाडल्या तर रेवदंड्याला घरी येऊन साचा बसवतील. त्यांचं साहेबांना पत्र सोबत आहे. मे अखेरपर्यंत आगबोट चालू असते. एका दिवसात पेटी इथं येईल. नाही म्हणू नकोस.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. नसीबानं विचारायला सांगितलंय, ‘अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं, असं होत राहिलं तर ते संपतं कधी?’ माझं गणित तुला ठाऊकच आहे. मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

तुझा ताज


मुंबई, १३ मे १९३५

प्रिय ताज,

साहेब तयार झाले. हे पत्र आणि पेटी आमचा शिपाई सदू घेऊन येतोय. पेटी शिशाची आहे, दिसायला पानाच्या डब्याएवढी पण उचलताना खांदा निखळेल. मुलांना जवळ फिरकू देऊ नकोस. उगाच उघडून पाहू नकोस, आत पाहण्यासारखं काही नाही.

आत सहा नळ्या आणि डॉक्टरांसाठी माझी चिठ्ठी आहे. एरवी आम्ही चिठ्ठीवर मोजणीची तारीख-वेळ लिहितो आणि पुढची घट डॉक्टरांनी काढायची असते. पण त्यांची धावपळ मला ठाऊक आहे, आकडेमोडीत एखादा हातचा राहिला तर? म्हणून वाटेतली घट मीच वजा केली. चिठ्ठीवर सरळ लिहिलंय, ‘पोचल्या दिवशीचा जोर : तीस. पाच दिवस ठेवावे.’ पेटी आली की डॉक्टरांना बोलवायचं आणि बसवायचं, बस्स. कुणी काही मोजायचं नाही.

नळ्या मी तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायच्या आधी उठून पाणी प्यालो. एवढी वर्षं नळ्या मोजतोय, पण कुणाच्या गालाला त्या लागणार हे कधी ठाऊक नसायचं.

नसीबावहिनींना सांग, ते कधीच संपत नाही. फक्त मोजता येत नाही इतकं थोडं उरतं.

तुझा रामचंद्र


रेवदंडा, ७ जून १९३५

प्रिय रामचंद्र,

पेटी सुखरूप आली. सदूला आम्ही भरपूर जेवू घातलं. होडीतून धक्क्यावर उतरताना पेटी पोटाशी धरून तो तांडेलाला ओरडत होता, ‘हळू रं, रेडियम हाय, बुडलां तर समुद्र उकळंल!’ सगळं बंदर गोळा झालं. आता आमच्या घरात काय आहे याच्या तऱ्हेतऱ्हेच्या कथा कोर्लईपर्यंत गेल्यात.

डॉक्टरांनी साचा बसवला आणि चिठ्ठीप्रमाणे बरोबर पाच दिवसांनी काढला. नसीबानं मोठ्या हिमतीनं सोसलं. नळ्या परत पोचल्याच असतील.

पण डॉक्टरांचं समाधान नाही. त्यांच्या मते आतापर्यंत गाल लाल व्हायला हवा होता, आतून सोलल्यासारखा दिसायला हवा होता. तसं काहीच नाही. फोड थोडा बसला आणि तिथंच थांबला. ते म्हणाले, ‘तीसचा जोर असता तर असं दिसलं नसतं. मुंबईला मोजणीत काही गफलत झाली का विचारा.’ हे लिहिताना मला लाज वाटते. तुझ्यावर माझा काडीचा संशय नाही. पण विचारायला सांगितलं म्हणून विचारतो.

अम्मी दुवा सांगते.

तुझा ताज


मुंबई, २० जून १९३५

प्रिय ताज,

तुझ्या पत्रानं माझी झोप उडाली. विचारलंस ते बरं केलंस, लाज मला वाटायला हवी.

यंत्र सगळं उकलून पाहिलं. वर्ख ज्या अंबराच्या, म्हणजे दगड झालेल्या राळेच्या, खड्यावर टांगलेला असतो, त्या खड्यावर दमट हवेचा पापुद्रा बसतो आणि वीज तिथून हळूच निसटते. मग नळी जवळ नसतानाही वर्ख उतरतो आणि आपल्याला वाटतं नळीच जोरकस आहे. ही गळती मी रोज वजा करतो, पण मोजायचो ती सकाळी, खोली कोरडी असताना. या आठवड्यात दुपारी मोजली. नळी नाही, काही नाही, तरी वर्ख भराभरा खाली! हिशेब केला तर तुझ्या तीसमधले जेमतेम पंधरा खरे निघतात. डॉक्टर जे सांगतात त्याच्याशी हे अगदी जुळतं. मिठागरावर वाढलेल्या पोराला हवेतलं पाणी कळू नये? बापूंना कळलं तर हसतील.

साहेबांना जाऊन सांगितलं. रागावतील वाटलं होतं, पण ते एवढंच म्हणाले, ‘तुझी खात्री आहे ना? मग ज्याला तू तीस म्हणालास त्याच्या दुप्पट धाड, म्हणजे खरे तीस होतील.’ त्याप्रमाणे सदू येतोय. आगबोट बंद झाली, तरी धरमतरची चालू आहे, तिथून मोटरनं येईल. चिठ्ठी पहिल्यासारखीच आहे. आल्याबरोबर बसवा.

या वेळी चूक नाही. मोजून सांगतो.

तुझा रामचंद्र


रेवदंडा, २१ जून

रामचंद्र भाऊजींना नसीबाचा सलाम.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. माझ्या अक्षराला हसू नका, मराठी चौथीनंतर लिहिणं सुटलं. आज दुपारी तुमची दुसरी पेटी आली आणि डॉक्टर संध्याकाळच्या आत साचा बसवून गेले. तोंडात साचा म्हणजे पाच दिवस बोलणं बंद. मला न बोलता राहणं किती जड जातं ते तुमच्या दोस्ताला विचारा. मग म्हटलं, कागदावर तरी बोलावं.

तुम्ही स्वतःला फार लावून घेतलंत असं त्यांनी सांगितलं. नका लावून घेऊ. आम्ही तुमच्या पेटीची काळजी कशी घेतली ते ऐकलंत तर तुम्हालाच बरं वाटेल. पहिली पेटी आली तेव्हा आमचे तेरा तेजीचे दिवस होते. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस. त्यात आमच्याकडे नवं औषध सुरू करत नाहीत, प्रवासालाही निघत नाहीत. अम्मी म्हणाल्या, ‘एवढा मोठा इलाज, चार दिवसांसाठी कशाला घाई? तेरावा जाऊन दे.’ यांनी थोडी कुरकुर केली, तुमचं ते निम्म्याचं सांगितलं. मग अम्मींनीच तोड काढली. मासळी उन्हात सडते, गारव्यात टिकते. तसं पेटीला ओलं फडकं गुंडाळून रांजणामागं गारव्याला ठेवलं. चार दिवस मी स्वतः फडकं भिजवत होते. तेराव्याला अम्मींनी चण्या-गव्हाच्या घुगऱ्या शिजवून आख्ख्या मोहल्ल्यात वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. पेटी आजच आली असं यांनी त्यांना सांगितलं. नाहीतर त्यांनी अम्मींना बोल लावला असता.

तेव्हा तुमच्या वस्तूची हेळसांड झालेली नाही. या वेळी सफर नाही, म्हणून अम्मीही थांबा म्हणाल्या नाहीत.

हा साचा पहिल्यापेक्षा गरम लागतोय असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, तो माझा भास आहे.

गाल बरा झाला की सगुणावहिनींना घेऊन या. मी सांदणं करीन, तुम्ही मोजा.

नसीबा


मुंबई, भाऊचा धक्का, २४ जून १९३५

ताज, साचा काढ. हे वाचत असशील तिथून उठ आणि डॉक्टरांना आणून साचा काढ. डॉक्टर नसले तर तू काढ.

वहिनींचं पत्र आज मिळालं. डॉक्टरांना आणि तुला, दोघांनाही तार केली. तार मास्तर म्हणाला, पेणच्या पलीकडे वादळानं खांब पडलेत, केव्हा जाईल सांगता येत नाही. म्हणून इथं आलो. बोट धक्क्याला बांधलेली आहे. काळूराम सारंगाला म्हटलं, वाटेल ते देतो. तो म्हणाला, ‘सायब, तुमी काय पन द्या, दर्याला कोन देनार?’ पाऊस आडवा मारतोय आणि मी तिकिटाच्या खिडकीपाशी उभा राहून लिहितोय. उद्या बोट सुटली तर मी येतो, नाहीतर हे पत्र काळूरामबरोबर येईल.

तुमची पेटी गार ठेवली. गारव्यानं काही होत नाही, ताज! ऊन, थंडी, लोखंड, शिसं, दुवा, कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. चार दिवस म्हणजे चार दिवस. तुम्ही बसवली तेव्हा ती निम्मी झाली होती. माझं यंत्र बरोबर होतं. मे महिन्यात मी तीस लिहिले ते तीसच होते. पंधरा तुमच्या रांजणामागं गेले.

आणि मी काय केलं? जूनची ओल मोजली आणि मे महिन्याच्या माथी मारली. माझी चूक सापडली या आनंदात आकडा दुप्पट केला. पेटी कोणत्या दिवशी बसवली, एवढं एक वाक्य तुला विचारलं नाही. आता जे तिच्या गालात आहे ते साठ आहे. दोन दिवसांत काढायला हवं होतं. आज तिसरा उलटला. तरीही काढ. जेवढं लवकर काढशील तेवढं वाचेल.

रामचंद्र


रेवदंडा, ३ जुलै १९३५

प्रिय रामचंद्र,

सव्वीस तारखेला डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे साचा काढला. तुझं पत्र सत्तावीसला आलं. तार अठ्ठावीसला. काळूराम पत्र देऊन चहा पीत बसला होता आणि मी तुझे शब्द वाचत होतो. आतून नसीबा मीठ-पाण्यानं चूळ भरत असल्याचा आवाज येत होता. साचा निघाल्यामुळे ती खुशीत होती, बडबड चालली होती.

पत्र डॉक्टरांना नेऊन दाखवलं. ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डोकं धरलं आणि म्हणाले, ‘ताजुद्दीनशेठ, पेटी आजच आली म्हणालात ना?’ मी तेव्हा खरं ते सांगितलं. तुला मी त्या चार दिवसांबद्दल लिहिलं नाही, कारण तू हसशील असं वाटलं. बी. एस्सी. झालेला माझा दोस्त, आणि माझ्या घरात अजून तेरा तेजी. फक्त लाज वाटली, रामचंद्र. दुसरं काही नव्हतं. एवढ्याशा लाजेला एवढं मोल पडेल हे मला कुठून कळावं?

आता पुढं काय होईल ते सांग. काय करायचं तेही सांग. अम्मीला काहीच ठाऊक नाही. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ताज


मुंबई, ९ जुलै १९३५

प्रिय ताज,

तू विचारलंस म्हणून लिहितो. दोन-चार दिवसांत गाल लाल होईल, मग काळसर. कातडी सुटेल. दुखेल, फार दुखेल. डॉक्टरांना अफू द्यायला सांग आणि त्यांनी हात आखडता घेतला तर माझ्या साहेबांचं नाव सांग. सगुणा तूप आणि मलम पाठवतेय. त्यानं काही होईल असं मला वाटत नाही, पण पाठवू नको असं तिला म्हणवलं नाही.

काय करायचं, ते सगळीकडे विचारलं. साहेबांना विचारलं. वरच्या साहेबांना विचारलं. इथली पुस्तकं पालथी घातली. किती दिलं ते सगळ्यांना मोजता येतं. दिलेलं परत कसं घ्यायचं ते कुणालाच ठाऊक नाही. रोज सकाळी यंत्रासमोर बसतो, वर्ख उभा करतो आणि तो पडायला लागला की मला उठून जावंसं वाटतं.

रविवारी येतोय. काही कामाचा नाही, तरी येतोय.

रामचंद्र


रेवदंडा, ३० सप्टेंबर १९३५

प्रिय रामचंद्र,

तुला तार पोचली असेल. बावीस तारखेला पहाटे नसीबा गेली. अल्लाची मर्जी. तू जुलैत पाहिलीस तेव्हा निदान उजव्या बाजूनं हसत होती. नंतर गालाला भोक पडलं. पाणी पाजलं की बाहेर यायचं. बोलता येईना म्हणून अम्मीनं मुलांची पाटी तिच्या उशाशी ठेवली होती. एकदा पाटीवर लिहिलं, ‘भाऊजींना म्हणावं, मी रागावले नाही.’ दुसऱ्यांदा लिहिलं, ‘आता किती उरलं असेल?’ मी म्हटलं, संपलं असेल गं. तिनं मान हलवली आणि लिहिलं, ‘संपत नाही. भाऊजी म्हणाले होते.’

तुला आणखी एक सांगायचं आहे आणि ते कसं सांगावं कळत नाही. डॉक्टरांचा कंपाउंडर शिवदास याला पोटात काही ठेवता येत नाही. बाजारात बोलला, ‘पेटी चार दिवस घरात ठेवली म्हणून हे झालं.’ ते अम्मीच्या कानावर आलं. पहिल्यांदा तिनं उडवून लावलं. ‘थांबलो तेव्हा काय झालां नाय. दुसऱ्या टायमाला थांबलो नाय तेव्हा पोरगी जळली. उलटां कसां?’ मला वाटलं, बरंच आहे, असंच समजू दे. गावानं तुझ्यावर खापर फोडलं होतं, मुंबईच्या मोजणीदारानं जाळली म्हणून. मी गप्प बसलो होतो. त्याची माफी माग म्हणालास तर मागतो.

पण परवापासून ती रांजणाजवळ जात नाही. पाणी मागून घेते. काल नमाजानंतर जायनमाजवर बसूनच राहिली, मग मला म्हणाली, ‘ताजू, त्या चार दिवसांत पेटीतलां काय कमी झालां का रे? मीच थांबवलां. खरां सांग.’ मी म्हटलं, नाही अम्मी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणापासून तिच्याशी खोटं बोलत आलोय, तिला माझं खोटं कळतं. ती म्हणाली, ‘तू नको सांगू. रामाला विचार. रामा मोजून सांगतो.’

तिला अन्न जात नाही. ती रोज पोस्टमनची वाट पाहत दारात बसते. तू काय लिहावंस ते मी सांगणार नाही. मला तो हक्क नाही.

ताज


मुंबई, ५ ऑक्टोबर १९३५

तीर्थस्वरूप अम्मी,

तुमच्या रामाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. ताज हे वाचून दाखवील. ताज, जसं आहे तसं वाच, मध्ये थांबू नकोस.

वहिनी गेल्या त्याला माझं यंत्र कारण झालं. दमट हवेत ते बिघडलं आणि मला ते कळलं नाही. पहिल्या वेळी नळ्या मुळातच कमी जोराच्या धाडल्या, दुसऱ्या वेळी जास्त. शिवदास कंपाउंडर आहे, त्याला यातलं काही कळत नाही. लोक मला बोलतात ते बरोबर आहे, त्यांना बोलू द्या.

तुम्ही तेराव्यापर्यंत थांबलात, पेटी गार ठेवलीत, वहिनी स्वतःच्या हातानं फडकं भिजवत राहिल्या. याहून जास्त काळजी आमच्या दवाखान्यातही कुणी घेत नाही. आता रांजणातलं पाणी प्या. चार घास खा. मुलांना तुम्हीच आहात.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. ती पेटी परत आल्यावर मी नळ्या पुन्हा तपासल्या होत्या. त्या चार दिवसांत पेटीतलं काहीही कमी झालं नव्हतं.

अम्मी, मोजून सांगतो.

तुमचा
रामा